जुनं फ्रेंच पिनफायर रिव्हॉल्वर : ओळखायचं कसं, वाचायचं कसं, जपायचं कसं

लिलावाच्या यादीत, संग्राहकाच्या कपाटात किंवा एखाद्या जुन्या पेटीत एकोणिसाव्या शतकातलं 'फ्रेंच रिव्हॉल्वर' म्हणून जे समोर येतं, ते बहुतेक वेळा लफोशो पद्धतीचं पिनफायर असतं, म्हणजे काडतुसातून बाहेर आलेल्या पिनेवर घोडा आपटून बार उडवणारं. गंमत अशी की त्यातली पुष्कळशी फ्रान्समध्ये बनलेलीच नसतात. विकणारा 'अस्सल फ्रेंच' म्हणतो, घेणारा मान डोलावतो, आणि सिलिंडरच्या (काडतुसं ठेवायच्या फिरत्या नळकांड्याच्या) पाठीवर नखाएवढ्या जागेत ठोकलेला शिक्का कुणी भिंगातून पाहत नाही. या शिक्क्यांवर, मोजमापांवर आणि कागदांवरच विश्वास ठेवावा, ऐकीव कहाणीवर ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. पुढे दिलेला क्रम त्याच मतावर बेतलेला आहे. तो शक्यतो मोडू नका, कारण पहिल्या दोन पायऱ्या चुकल्या तर पुढचं सगळं फुकट जातं.

पहिली पायरी : हात लावण्याआधी पिना बघा

जुनं हत्यार भरलेलंच आहे असं धरून चाला. नळी माणसाकडे नको, चापावर बोट नको, घोडा ओढून 'चालतंय का' बघणं नको. दीडशे वर्षं जुन्या स्प्रिंगा आणि खाचा झिजलेल्या असतात. वर ओढलेला घोडा आपोआप निसटू शकतो.

पिनफायरच्या बाबतीत एक सोय आहे. काडतूस आत आहे की नाही, हे बाहेरूनच दिसतं. सिलिंडरच्या मागच्या कडेला प्रत्येक घराला, म्हणजे काडतूस ठेवायच्या भोकाला, एक बारीक खाच असते. काडतूस बसवलं की त्याची पितळी पिन या खाचेतून बाहेर डोकावते. सिलिंडर न फिरवता, टॉर्च धरून, चहूबाजूंनी या खाचा पाहा. सगळ्या मोकळ्या दिसल्या तर घरं रिकामी असण्याची शक्यता मोठी आहे, तरी मागची झडप उघडून जाणकाराने प्रत्येक घर तपासेपर्यंत निर्धास्त होऊ नका. पिन मोडून आत अडकलेली असू शकते. पिन उंच उभी असेल तर काडतूस न उडालेलं आहे असं समजा. खोल दाबलेली असेल तर ते उडालेलं असू शकतं, पण तोही अंदाजच.

पिन दिसली तर तिथेच थांबा. पकडीने ओढणं, तेल सोडून ठेवणं, आपटून काडतूस मोकळं करणं, यातलं काहीही करू नका. त्या काळच्या काडतुसातल्या टोपीत (ठोका बसला की ठिणगी देऊन दारू पेटवणाऱ्या छोट्या वाटीत) पाऱ्याचं फल्मिनेट असायचं. ते आघाताने पेटतं आणि जुनं झालं म्हणून निरुपद्रवी होत नाही. रिव्हॉल्वर आहे तिथे राहू द्या, घरातल्या लहान मुलांना लांब ठेवा आणि पोलिसांना किंवा परवानाधारक शस्त्र-कारागिराला बोलवा.

दुसरी पायरी : कायदा

भारतात 1959 चा शस्त्र कायदा लागू होतो. त्याच्या कलम 45 मध्ये एक सूट आहे. जुन्या, कालबाह्य बनावटीचं, पुरातन मूल्याचं किंवा मोडकळीला आलेलं जे हत्यार दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, ते कायद्याच्या कक्षेबाहेर जातं. अनेकजण यातलं 'पुरातन' एवढंच वाचतात आणि 'दुरुस्त करूनही वापरता येणार नाही' हे सोडून देतात. तुमच्या हातातलं रिव्हॉल्वर या सुटीत बसतं की नाही, हे तुम्ही स्वतः ठरवू नका. आजोबांच्या पेटीत असं काही सापडलं आणि घरात परवान्याचा कागद नसेल, तर वकिलाचा सल्ला घेऊन लवकरात लवकर पोलिस ठाण्याला कळवा. परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्तांच्या कार्यालयातून मिळतो, आणि निर्णय होईपर्यंत हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद कायद्यातच आहे. जमा करताना पावती घ्या आणि तिच्यावर हत्याराचं वर्णन व क्रमांक नीट लिहून घ्या.

दुसरा कायदा 1972 चा, पुरावशेषांचा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून सामानात घालून पाठवणं हा दुहेरी गुन्हा होईल.

बाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी थोडक्यात : फ्रान्समध्ये ज्या हत्याराचा नमुना 1 जानेवारी 1900 पूर्वीचा आहे, ते साधारणपणे सर्वांत सौम्य 'डी' वर्गात येतं. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने 1898 पर्यंत बनलेली शस्त्रं पुरातन धरली जातात, पण राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. विकत घेण्याआधी स्थानिक नियम वाचा. विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका.

तिसरी पायरी : यंत्र समजून घ्या, म्हणजे नजर कुठे ठेवायची ते कळतं

कासिमीर लफोशो हा पॅरिसचा बंदूक-कारागीर. 1830 च्या दशकात त्याने मागून भरायच्या शिकारी बंदुका आणि त्यांच्यासाठी पिनवालं काडतूस आणलं. 1846 मध्ये ऊलिए या दुसऱ्या पॅरिसच्या कारागिराने काडतुसाचं कवच सुधारलं. बार उडाला की धातू फुगून भिंतीला चिकटतो आणि वायू मागे निसटत नाही, ही त्यातली मोलाची गोष्ट. कासिमीर 1852 मध्ये वारला. त्याचा मुलगा युजेन याने 1854 मध्ये या काडतुसावर चालणाऱ्या रिव्हॉल्वरचं पेटंट घेतलं.

त्या काळात कोल्टचं रिव्हॉल्वर भरायचं म्हणजे प्रत्येक घरात पुढून दारू, मग गोळी, ती दांड्याने ठासायची, आणि मागे प्रत्येक बोंडावर तांब्याची टोपी बसवायची. लफोशोच्या रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडरची घरं आरपार कोरलेली होती. उजवीकडची झडप उघडायची, तयार काडतूस मागून सरकवायचं, पिन खाचेत बसवायची, सिलिंडर एक घर पुढे. काडतुसाच्या आत, तळाशी, एक टोपी आडवी बसवलेली असते आणि पिनेचं आतलं टोक तिच्यावर टेकलेलं असतं. घोडा वरून खाली पडतो, पिनेला ठोकतो, पिन टोपीला ठोकते. रिकामी कवचं नळीच्या उजव्या अंगाच्या दांड्याने एकेक करून मागे ढकलायची.

म्हणून पिनफायर ओळखायची पहिली खूण म्हणजे घोड्याचं नाक. ते सपाट, बोथट असतं आणि खाली पडतं. पुढे टोचणारं अणकुचीदार टोक दिसलं, किंवा सिलिंडरच्या मागच्या कडेला खाचाच नसल्या, तर ते सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मध्यावर ठोका बसणारं) आहे किंवा नंतर बदलून घेतलेलं आहे. फ्रेंच नौदलाच्या काही पिनफायर रिव्हॉल्वरांचं पुढे असंच रूपांतर झालं होतं, त्यामुळे बदल दिसला म्हणून लगेच 'बनावट' असा निष्कर्ष काढू नका.

दुसरी खूण चौकटीची. 1854 च्या नमुन्यात सिलिंडरच्या वर पट्टी नसते, वरची बाजू उघडी. नळी सिलिंडरच्या आसावर चढवून खालच्या बाजूला चौकटीला स्क्रूने बांधलेली असते. लष्करी मापाचं हत्यार साधारण एक किलोचं, मुठीच्या तळाला दोरी अडकवायची कडी, आणि पुष्कळदा चापाच्या कडीला मागे बोट टेकायला एक शेपटासारखा काटा. खिशातल्या छोट्या नमुन्यांत चापाची कडीच नसते. चाप पुढे दुमडून ठेवलेला असतो.

चौथी पायरी : मोजा

प्लॅस्टिकचा व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) घ्या, लोखंडी जबडे नळीच्या तोंडाला ओरखडे पाडतात. घराचा व्यास मागच्या बाजूने मोजा, शिवाय नळीची लांबी, एकूण लांबी, घरांची संख्या आणि वजन. पिनफायरची मापं ठरलेली होती : 5, 7, 9, 12 आणि 15 मिलिमीटर. मोजमाप अगदी पूर्णांकात येणार नाही, जवळचं माप धरा. 12 म्हणजे बहुधा लष्करी किंवा घोडेस्वाराच्या पट्ट्याचं, 7 म्हणजे शहरी माणसाच्या खिशातलं, 9 मधलं. 15 मिलिमीटरचं दुर्मीळ असतं. सहापेक्षा जास्त घरं असलेली, अगदी वीस घरांचीही पिनफायर झाली, पण ती हौसेची आणि दिखाव्याची.

पाचवी पायरी : शिक्के वाचा

इथे वेळ घाला. सगळ्या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी हीच.

साधनं साधी आहेत : दहापटीचं भिंग, छोटा टॉर्च, पातळ बटर पेपर आणि मऊ पेन्सिल. टॉर्च समोरून मारू नका. धातूच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून, खोलीत अंधार करून, हळूहळू फिरवा. समोरून पुसट, सपाट दिसणारी अक्षरं तिरप्या उजेडात एकदम उठून येतात, कारण ठशाच्या एका कडेला सावली पडते. उजेड डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही बाजूंनी टाका. काही रेघा एकाच बाजूने दिसतात. मग बटर पेपर ठेवून पेन्सिल आडवी, अलगद घासा. फोटोत जे येत नाही ते पुष्कळदा या घासणीत येतं.

कुठे पाहायचं? नळीच्या वर, चौकटीच्या उजव्या व डाव्या अंगाला, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खाली आणि मुठीच्या पोलादी पट्टीवर.

नळीच्या वर युजेन लफोशोचं नाव, शोधक आणि पेटंटधारक म्हणून, कोरलेलं असेल आणि चौकटीवर 'एल एफ' ही रोमन अक्षरं आणि त्यापुढे क्रमांक असेल, तर ते लफोशोच्या स्वतःच्या कारखान्यातलं असण्याचा दावा मजबूत होतो. नुसतं नाव मात्र पुरेसं नाही. नाव कोरायला कुणाचाही हात चालतो, आणि 'लफोशो पद्धत' असं लिहून विकणारे त्या काळात ढिगाने होते.

'एस जी डी जी' ही चार अक्षरं बऱ्याच हत्यारांवर सापडतात आणि नवखे संग्राहक त्यांना सरकारी तपासणीचा शिक्का समजतात. अर्थ नेमका उलटा आहे : 'सरकारच्या हमीविना'. फ्रान्सच्या 1844 च्या कायद्यानुसार पेटंट अर्जाची छाननी न करता दिलं जाई आणि पेटंट मिरवणाऱ्याने ही चार अक्षरं लिहावी लागत. म्हणजे यावरून पेटंटचा दावा कळतो, दर्जा कळत नाही. त्याच कायद्याने पेटंटची कमाल मुदत 15 वर्षं होती. 1854 चं पेटंट 1869 मध्ये संपलं आणि त्यानंतर नकलांना फ्रान्समध्येही मोकळं रान मिळालं.

आता लिएज. बेल्जियममधलं हे शहर त्या शतकात युरोपचं बंदूक-बाजार होतं. तिथे शेकडो छोटे कारागीर घरोघरी भाग बनवत, कुणी फक्त नळ्या, कुणी फक्त घोडे, आणि व्यापारी ते एकत्र जुळवून जगभर पाठवत. तिथल्या सरकारी चाचणीचा शिक्का म्हणजे लंबगोलात 'ई एल जी' ही तीन रोमन अक्षरं, खाली बहुधा एक तारा. पिनफायरमध्ये तो सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, दोन घरांच्या मधल्या जागेत शोधा. लंबगोलावर मुकुट असेल तर हत्याराची चाचणी 1893 नंतर झाली आहे. शेजारी तपासनिसाचं एकच अक्षर असतं. त्या अक्षरावर मुकुट असेल तर ते 1853 ते 1877 च्या दरम्यानचं, तारा असेल तर 1877 नंतरचं. या दोन बारीक खुणांनी 'नेपोलियन तिसऱ्याच्या काळातलं' (म्हणजे 1870 पर्यंतचं) म्हणून सांगितलेलं एखादं रिव्हॉल्वर थेट पुढच्या पिढीत येऊन बसतं.

लिएजचा शिक्का सापडला म्हणून निराश व्हायचं कारण नाही. तिथलं उत्तम काम पॅरिसच्या मध्यम कामापेक्षा सरस आहे. फक्त त्याला फ्रेंच म्हणू नका आणि फ्रेंच म्हणून पैसे मोजू नका.

शेवटी क्रमांक जुळवा. चौकट, नळी, सिलिंडर, कधी झडपेवरही तोच क्रमांक किंवा त्याचे शेवटचे आकडे असतात. सगळे जुळले तर हत्यार एकसंध आहे. सिलिंडरचा क्रमांक वेगळा असेल तर दोन हत्यारांतून एक केलेलं असू शकतं.

सहावी पायरी : काळाच्या चौकटीत बसवा

फ्रेंच नौदलाने 1858 मध्ये 12 मिलिमीटरचं लफोशो स्वीकारलं. धातूच्या काडतुसाचं रिव्हॉल्वर अधिकृतपणे घेणारं हे पहिलं राष्ट्रीय दल. फ्रेंच भूदल मात्र थांबून राहिलं. स्पेन, इटली, स्वीडन आणि नॉर्वे यांनी याच पद्धतीची रिव्हॉल्वरं घेतली आणि स्पेनमध्ये ओव्हिएदोच्या कारखान्यात ती बनलीही.

अमेरिकेचं प्रकरण वेगळंच. तिथे रोलिन व्हाइट याच्या 1855 च्या पेटंटमुळे आरपार कोरलेलं सिलिंडर बनवण्याचा हक्क स्मिथ अँड वेसनकडे अडकला होता, 1869 पर्यंत. बाकीचे अमेरिकन कारखाने दारू-टोपीवरच राहिले. यादवी युद्ध पेटल्यावर उत्तरेच्या सरकारने युरोपातून सुमारे 12,000 लफोशो रिव्हॉल्वरं मागवली. म्हणून आज अमेरिकेतल्या लिलावात 12 मिलिमीटरचं पिनफायर वरचेवर दिसतं. पण 'यादवी युद्धात वापरलेलं' हे सिद्ध करायला क्रमांक हवा, पत्र हवं, युनिटची नोंद हवी. नुसतं माप आणि वय जुळणं पुरत नाही.

पिनफायरचा उतारही वेगाने आला. काडतूस प्रत्येक वेळी पिन वर धरूनच बसवावं लागे, सुटी काडतुसं खिशात बाळगणं धोक्याचं होतं. काडतुसाच्या तळाच्या मध्यावर टोपी असलेलं सेंटरफायर सगळ्याच बाबतींत सरस होतं. फ्रेंच नौदलाने 1870 मध्ये लफोशोचंच 11 मिलिमीटरचं सेंटरफायर घेतलं, या वेळी वर पट्टी असलेल्या बंद चौकटीचं. भूदलाने 1873 मध्ये सांत-एतिएनच्या सरकारी कारखान्यात बनलेलं शामलो-देलव्हिन्य रिव्हॉल्वर स्वीकारलं. ते हातात आलं असेल तर ओळखणं सोपं आहे, कारखान्याचं नाव चौकटीवर आणि नमुन्याचं साल नळीवर स्पष्ट कोरलेलं असतं.

सातवी पायरी : कहाणी तपासा

दोन प्रसिद्ध रिव्हॉल्वरं शेजारी ठेवून पाहा. दोन्ही 7 मिलिमीटरची, लफोशो पद्धतीची.

पहिलं कवी पॉल व्हर्लेनचं. 10 जुलै 1873 रोजी ब्रुसेल्समध्ये त्याने ते एका बंदूकवाल्याकडून विकत घेतलं आणि त्याच दिवशी कवी आर्थर रँबोवर दोन गोळ्या झाडल्या. एक रँबोच्या मनगटाला लागली. हत्यार जप्त झालं, खटला झाला, व्हर्लेनला दोन वर्षांची शिक्षा झाली. 2016 मध्ये पॅरिसला क्रिस्टीजच्या लिलावात ते 4,34,500 युरोंना गेलं. हत्यारावरचा क्रमांक विकणाऱ्या दुकानाच्या नोंदवहीशी जुळत होता.

दुसरं चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगशी जोडलेलं. 27 जुलै 1890 रोजी फ्रान्समधल्या ओव्हेर-सूर-वाझ गावाजवळ त्याला गोळी लागली, 29 तारखेला तो गेला. हत्यार तेव्हा सापडलं नाही. 1960 च्या दशकात एका शेतकऱ्याला त्याच परिसरातल्या शेतात गंजून गेलेलं रिव्हॉल्वर मिळालं. मूठ उरलेली नाही, नुसता सांगाडा. जागा जुळते, माप जुळतं, गंजावरून ते अनेक दशकं जमिनीत पडून होतं असा निष्कर्ष निघाला. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने ते 2016 मध्ये प्रदर्शनात मांडलं. 2019 मध्ये पॅरिसच्या लिलावात त्याला 1,62,500 युरो मिळाले. हेच ते हत्यार, असं खात्रीने मात्र कुणालाच म्हणता आलं नाही.

दुसऱ्या हत्याराचं नाव जगात कितीतरी मोठं, तरी किंमत निम्म्याहून कमी आली. याला इतर कारणंही असतील, त्याची अवस्था तर आहेच, पण क्रमांक आणि नोंदवही यांची जोड मिळाली की काय फरक पडतो, हे मला यात स्वच्छ दिसतं. म्हणून तुमच्याकडच्या हत्याराबद्दल घरातल्या थोरांनी सांगितलेलं जे काही आहे, ते सांगणाऱ्याच्या नावानिशी आणि तारखेनिशी लिहून ठेवा, पण शिक्क्यांच्या नोंदीपासून वेगळ्या पानावर. जुना परवाना, विमा, पावती, फोटो, पत्र, जे मिळेल ते जोडा. एकेका हत्याराची एक फाइल करा.

आठवी पायरी : जपा, चकचकीत करू नका

पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, चिंच, रांगोळी, गंज काढायची रसायनं, ग्राइंडरचं चाक : हे सगळं लांब ठेवा. जुन्या पोलादावरचा तपकिरी-काळपट थर हा बहुतेक वेळा स्थिर झालेला गंज असतो आणि तो खालच्या धातूला सांभाळतो. तो घासला की शिक्क्यांच्या कडाही त्याच्याबरोबर जातात, आणि पाचव्या पायरीत वाचलेलं सगळं कायमचं पुसलं जातं. मी पाहिलेल्या हत्यारांचं सर्वाधिक नुकसान युद्धाने नाही, उत्साही सफाईने केलेलं आहे.

जिवंत गंज वेगळा असतो. तो नारिंगी, भुरभुरीत, बोटाला लागणारा. त्यावर हलक्या तेलाचा थेंब सोडा, काही तास मुरू द्या आणि बांबूच्या किंवा लाकडाच्या काडीने, भिंगाखाली, अलगद खरवडा. मऊ सुती कापडाने पुसून घ्या. एका बैठकीत सगळं निघालं पाहिजे असा हट्ट नको.

मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते. तिच्यावर धातूचं तेल जाऊ देऊ नका, लाकूड काळं आणि मऊ पडतं. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली तरी पुष्कळ. स्क्रू उघडू नका. हातातला स्क्रूड्रायव्हर त्या काळच्या अरुंद खाचेत बसत नाही, डोकं फाटतं, आणि फाटलेला स्क्रू किंमत पाडतो. शेवटी धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, घामातलं मीठ एका पावसाळ्यात बोटांचे ठसे धातूत कोरतं.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर चामड्याच्या म्यानात किंवा मखमलीच्या पेटीत ठेवू नका. दोन्ही ओल धरतात आणि चामड्यातली आम्लं धातू खातात. आम्लरहित कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा, डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका आणि आकडा 50 टक्क्यांच्या खाली राहील असं पाहा. जेलचा रंग बदलला की बदला. जून ते सप्टेंबर दर महिन्याला डबा उघडून पाहा, बाकी वर्षात तीन महिन्यांतून एकदा. डबा अर्थातच कुलपात.

आणि गोळी झाडून बघायची इच्छा झाली तर ती तिथेच सोडून द्या. उघड्या चौकटीचं, दीडशे वर्षं जुनं, आतल्या भेगा न दिसणारं पोलाद हातात फुटू शकतं.

प्रत्यक्ष तुलना करायची असेल तर पॅरिसच्या लेझँव्हालीदमधलं लष्करी संग्रहालय, सांत-एतिएनचं कला व उद्योग संग्रहालय आणि लिएजचं ग्राँ कुर्तियस, ही तीन ठिकाणं पाहा. तिथे चौकशीचं पत्र पाठवताना सहा गोष्टी जोडा : दोन्ही बाजूंचे मोजपट्टीसह फोटो, सिलिंडरच्या मागच्या तोंडाचा जवळून फोटो, सगळ्या शिक्क्यांच्या पेन्सिल-घासण्या, मोजमापांची यादी, क्रमांक कुठे कुठे आहेत त्याचं टिपण, आणि वेगळ्या पानावर घरची कहाणी.